डबीतली शतावरी

आमच्याकडे लेक बाळंतपणाला माहेरी आली की शतावरी घरात येते. कल्पाच्या डबीतून येते, सकाळ-संध्याकाळ दुधात कालवली जाते, आणि बाळ वरणभाताला लागलं की डबी फडताळात मागे सरकते. पुढे त्या डबीत वेलदोडे राहतात. बुलढाणा जिल्ह्यातल्या बहुतेक घरांची शतावरीशी ओळख एवढीच.

दुसरी एक ओळख आहे, ती सत्काराची. पाहुण्याच्या पुष्पगुच्छात फुलांच्या पाठीमागे जी हिरवी, तलम झालर खोचलेली असते, ती शतावरीचीच चुलत बहीण. तालुक्याच्या ठिकाणी बारा महिने सत्कार चालू असतात. म्हणजे हे कूळ सर्वांत जास्त वेळा पडतं ते पुढाऱ्यांच्या हातात. एवढी हातात पडूनही ती खाण्याचा विचार त्यांच्या मनात येत नाही, हे विशेष.

माझा भाचा जर्मनीत असतो. एप्रिल उजाडला की तो फोनवर दुसरं काही बोलत नाही. रस्त्याच्या कडेला टपऱ्या लागतात, लोक रांगा लावून पांढऱ्या शतावरीच्या जुड्या नेतात, घरी सोलून उकडतात आणि बटाटा-लोण्याबरोबर खातात. त्याने एकदा ताटच कॅमेऱ्यापुढे धरलं. त्याच्या मामीने चष्मा लावून ते नीट पाहिलं आणि विचारलं, "कशावर चांगली असते रे ही?"

"कशावरच नाही, मामी. नुसती चांगली लागते."

मामीचा विश्वास बसला नाही. माझाही अर्धाच बसला. आपल्याकडे कारलं साखरेवर, शेवगा हाडांवर, चिवळ उन्हाळ्यावर. नुसतं चवीसाठी काही खायचं म्हणजे उधळपट्टीच की. तिकडे मात्र रोमन काळापासून ही भाजी हौसेने खातात. सम्राट ऑगस्टसला एखादं काम झटपट व्हायला हवं असलं की ते शतावरी शिजायच्या आत उरका, असं तो म्हणे. १८०६ साली दोन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी तिच्या रसातून अस्पॅराजीन वेगळं काढलं. माणसाला सापडलेलं ते पहिलं अमिनो आम्ल. आणि बेंजामिन फ्रँकलिनने लिहून ठेवलंय की चार देठ खाल्ले तरी लघवीला वास येतो. भाजीतल्या गंधकाचा तो प्रताप. हे मी घरात सांगितलं तर मामी विजयी मुद्रेने म्हणाली, "मंग ते औषधच झालं ना!"

ही भाजी लावणाऱ्याला धीर मात्र हवा. रोप लावल्यावर पहिली दोन वर्षं कोंबाला हात लावायचा नाही, भरघोस काढणी तिसऱ्या वर्षापासून. पांढरी हवी असेल तर वरंबे उंच करून कोंब मातीखालीच ठेवायचा. ऊन लागलं की हिरवा होतो. आणि जर्मनीत २४ जूनला, संत जॉनच्या दिवशी, सुरी म्यान करायची. त्यापुढे उगवतील ते कोंब पिसारायला सोडायचे, म्हणजे पानोळा मुळांत पुढच्या वर्षाची शिदोरी भरतो. दर उशिरापर्यंत टिकतो आहे म्हणून आणखी एक तोडा घेऊ, असं त्या दिवशी कुणालाच वाटत नसेल यावर माझा विश्वास नाही. पण बहुतेक जण थांबतात.

आता आमचा वसंत. फाल्गुन-चैत्रात बुलढाण्याहून बोथ्याच्या घाटाने खामगावकडे उतरा. पळस पेटलेला असतो, साग उघडाबोडका, आणि पाचोळ्यात शतावरीची वाळलेली काटेरी काडी. तिकडचं झाड थंडीत झोपतं, आमचं उन्हात. जमिनीखाली मुळ्यांचा झुबका पाणी धरून बसलेला असतो आणि वाट पाहतो ती मृगाची. म्हणजे जर्मन शेतकरी सुरी पुसून ठेवतो, त्याच दिवसांत आमच्याकडे पहिल्या दमदार पावसानंतर कोंब माती फोडतो. शतावरीपुरता बुलढाण्याचा वसंत जूनमध्ये येतो, छत्री घेऊन.

बोथ्याचं जंगल ज्ञानगंगा अभयारण्याचं, तिथलं पानही तोडता येत नाही. २०१९ मध्ये टिपेश्वरहून हजाराहून जास्त किलोमीटर चालत एक वाघ तिथे आला होता. त्याला मनाई नव्हती, आपल्याला आहे. आपण मोताळ्याकडच्या ओळखीच्या शेताचं कुंपण गाठायचं. बोरी-बाभळीवर जुनी शतावरी चढलेली असते, तिच्या बुडाशी बघायचं. कोंब पेन्सिलीहून बारीक, जांभळट हिरवा, अंगावर टोकदार पापुद्रे, शेंडा जरासा झुकलेला. चार दिवस उशीर झाला तर तो हातभर वर जातो, काटे धरतो आणि मग तुम्हाला ओळख देत नाही.

खुडताना सुरी लागत नाही. कोंब वाकवायचा, जिथे आपण होऊन कट्कन मोडेल तिथवर तो कोवळा. सगळे खुडायचे नाहीत, दोन-तीन वेलीला ठेवायचे. कोंब खुडला तर वेल पुन्हा फुटते, मुळ्या खणल्या की खेळ खलास. डबीतल्या चूर्णासाठी मात्र मुळ्याच लागतात, म्हणून रानातली शतावरी विरळ होत चालली आहे. खाणाऱ्यापेक्षा औषध घेणारा तिला महाग पडला.

सातपुड्याच्या पायथ्याला, जळगाव जामोद-संग्रामपूरकडे, रानभाज्या ओळखणारे हात अजून आहेत. ऑगस्टमध्ये आदिवासी दिनाच्या सुमारास कृषी खात्याचे रानभाजी महोत्सव भरतात. पण भाजीपुढच्या पाटीवर नाव लहान आणि गुणधर्म मोठे. चव कशी, हे पाटीवर नसतंच.

आपली शतावरी जराशी कडवट. मिठाच्या पाण्यात एक उकळी काढून ते पाणी टाकून द्यायचं. मग तेलात ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, भिजवलेली मुगाची डाळ आणि वरून कोंबाचे तुकडे. झाकण ठेवायचं नाही, रंग जातो. डाळ बोटाने दबली की उतरवायची. ज्वारीच्या गरम भाकरीबरोबर पहिला घास कडू लागतो, दुसऱ्याला गोडवा येतो, तिसऱ्यानंतर माणूस कढईकडे बघतो. कोंब मुळात ओंजळभर, त्यामुळे कढईकडे बघून फारसा उपयोग होत नाही.

एवढ्यातूनही मामीने शेजारच्या काकूंना वाटीभर पाठवली, शतावरीची भाजी म्हणून. पाचच मिनिटांत काकू वाटी तशीच झाकलेली घेऊन दारात.

"भाऊजी, ही उपाशीपोटी घ्यायची की जेवणानंतर?"