घरी सांगून आलाय का?

पुणं एकेकाळी सायकलींचं शहर होतं, असं पुणेकर मोटारीत बसून सांगतात. 2017 साली महापालिकेने सायकल आराखडाही मंजूर केला. सायकल ट्रॅक तर त्याच्याही आधीपासून आहेत. त्यांवर स्कूटर लावलेल्या असतात, पथारी पसरलेली असते, तेही नसेल तिथे विजेचा डीपी आडवा येतो. मग सायकलवाला मुख्य रस्त्यावर उतरतो. मागचा एसयूव्हीवाला हॉर्न दाबून धरतो आणि काच खाली करून विचारतो, ‘घरी सांगून आलाय का?’

शिव्यांचा साठा कितीही समृद्ध असला, तरी दीड-दोन टन लोखंडाशी पंधरा किलोच्या सायकलने वाद घालू नये. हातवारेही नकोत; एक हात सुटला की ब्रेक अर्धाच उरतो.

शहाणा सायकलवाला कडेला थांबतो, गाडीचा नंबर, वेळ, ठिकाण टिपून घेतो. अंगावरच घातली, तर 112 लावतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 खाली धोकादायक ड्रायव्हिंगला पहिल्याच गुन्ह्यात वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. चौकीत मात्र पहिला प्रश्न बहुधा त्यालाच: ‘हेल्मेट होतं का?’ सायकलला हेल्मेटसक्ती नाही, हे तिथे जरा नम्रपणेच सांगावं.