पस्तीसला पास

जानेवारी-फेब्रुवारीत, दहावीच्या पोरांच्या पूर्वपरीक्षा उरकत असतात त्याच सुमारास जगभरच्या सरकारांचाही निकाल लागतो. बर्लिनची ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनल ही संस्था 180 देशांना भ्रष्टाचाराबद्दल शंभरपैकी गुण देते. गुण जितके जास्त तितका कारभार स्वच्छ. 2024च्या यादीत डेन्मार्क 90 गुण घेऊन पहिला, दक्षिण सुदान 8 गुणांवर शेवटचा आणि आपण 38 गुणांनिशी 96वे.

मराठी माणूस या बातमीत दोनच ओळी शोधतो. पाकिस्तान कुठे? 27 गुण, 135वा. बरं वाटतं. चीन कुठे? 43 गुण, 76वा. इथे चष्मा पुसून पुन्हा वाचायचं आणि ‘त्यांच्याकडे कुठे लोकशाही आहे’ म्हणत क्रीडापानाकडे वळायचं.

तहसील कचेरीसमोर अर्ज लिहून देणारे आणि प्रसंगी ‘आतलं बघून घेणारे’ आमचे बापू मात्र निकालावर खूश होते. “पस्तीसला पास ना साहेब? मग आपण पास!” 2022ला 40 होते, 2023ला 39 झाले आणि 2024ला 38, हे मी त्यांना दाखवलं. “म्हणजे अजून तीन गुणांची सवड आहे,” बापू म्हणाले.

त्यांची तक्रार होती ती परीक्षकांबद्दल. हा आकडा निघतो तो जागतिक बँक, जागतिक आर्थिक मंच अशा डझनभर संस्थांच्या पाहण्यांतून. मत विचारलं जातं जाणकारांचं आणि उद्योजकांचं. फेरफाराची नोंद व्हावी म्हणून चपला झिजवून शेवटी पाकीट घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याला त्यात कुणी विचारत नाही. “आणि पाकीट घेणाऱ्या झिरो तलाठ्याला, म्हणजे तलाठ्याच्या खासगी मदतनिसाला, तरी कुठे विचारतात?” बापू कळवळले. “आम्हाला विचारलं असतं तर गावनिहाय दरपत्रक दिलं असतं.”

बापूंच्या म्हणण्यात तथ्य आहे. आपली लाच फार बटबटीत. सापळा लागतो तेव्हा नोटांना पावडर लावलेली, पंच शेजारच्या टपरीवर चहा पीत बसलेले, आणि तडजोडीअंती ठरलेले पाच हजार खिशात गेले की साहेबांचे हात द्रावणात. पाणी गुलाबी. पहिल्या नंबराच्या देशांत पैसा हाताला लागतच नाही. डेन्मार्कच्या डान्स्के बँकेच्या एस्टोनियातल्या शाखेतून 2007 ते 2015 या काळात सुमारे 200 अब्ज युरो वाहून गेले. त्यातले बरेचसे संशयास्पद, पुष्कळसे रशियाच्या बाजूचे. 2018मध्ये हे चव्हाट्यावर आलं, बँकेचे प्रमुख पायउतार झाले आणि त्या वर्षीच्या यादीत डेन्मार्क पुन्हा पहिला. पैसे खाल्ल्याचे गुण कापतात. दुसऱ्याचे खाल्लेले पैसे धुऊन देणं अभ्यासक्रमातच नाही.

खुद्द जर्मनीची गोष्ट तर बापूंनी दोनदा सांगायला लावली. जर्मन कंपनीने परदेशी अधिकाऱ्याला चारलेली लाच तिथे 1999पर्यंत धंद्याचा खर्च म्हणून करातून वजा करता येत असे. पहिली यादी निघाली 1995ला. म्हणजे आपला अधिकारी पैसे घेतो म्हणून बर्लिनमध्ये आपले गुण कापले जात आणि त्याच देशात देणाऱ्याला करसवलत मिळे! सीमेन्स कंपनीत तर त्यासाठी रोख रकमेची खिडकी होती, एका वेळी दहा लाख युरोपर्यंत उचल. 2008पर्यंत अमेरिका आणि जर्मनी मिळून कंपनीला सुमारे 1.6 अब्ज डॉलरचा भुर्दंड बसला. “खिडकीला रांग असायची का?” एवढंच बापूंनी विचारलं.

अमेरिकेने त्याहून सोपा मार्ग काढलाय. इंडियानातल्या एका महापौराने शहरासाठी एका विक्रेत्याकडून कचऱ्याचे ट्रक घेतले आणि नंतर त्याच विक्रेत्याकडून 13 हजार डॉलर. सल्ल्याची फी, म्हणे. जून 2024मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की संबंधित केंद्रीय कायदा कामाआधी ठरलेली लाच रोखतो, कामानंतरची खुशी नाही. कलमाचा नंबर 666. बापू हळहळले. “आम्ही उगाच आधी घेतो.”

या तुलनेचा खरा फायदा असा बापूंनाच होतो. ‘सगळीकडेच चालतं’ हे एकदा ठरलं की दर वाढवायला हरकत नसते. म्हणून दुसरी बाजू सांगितली. ऑक्टोबर 2024मध्ये सिंगापूरचे माजी वाहतूक मंत्री ईश्वरन यांना 12 महिन्यांची कैद झाली. गुन्हा काय, तर मंत्रिपदावर असताना उद्योजकांकडून भेटी घेतल्या. शर्यतीची तिकिटं, मद्य आणि एक सायकल. “सायकल?” बापूंना ऐकवेना. “मंत्री आणि सायकल?” स्वीडनच्या मंत्री मोना सालिन यांनी सरकारी कार्डावर खासगी खरेदी केली, त्यात चॉकलेट होतं. 1995मध्ये हाताशी आलेलं पंतप्रधानपद त्यावरून गेलं. तीन वर्षांनी त्या पुन्हा मंत्री झाल्या, हे ऐकून बापूंना हायसं वाटलं.

डेन्मार्कचे 90 आणि आपले 38 यांतलं अंतर हावेचं नाही. हाव तिकडेही रगड आहे. अंतर आहे ते पकडला गेल्यानंतरचं. आपल्याकडे रंगेहाथ सापडलेला माणूस निलंबित होतो, घरी बसून निर्वाह भत्ता घेतो, खटल्याची तारीख पडत राहते आणि यथावकाश तो त्याच नाही तर शेजारच्या टेबलावर हजर होतो. बापू त्याचा हार आणून ठेवतात.

तेव्हा पुढच्या यादीत पाकिस्तान शोधण्याआधी एक नंबर फोनमध्ये साठवून ठेवा. लाचलुचपत प्रतिबंधक विभाग, 1064, टोल फ्री. फोन पैसे देण्याआधी करायचा. कायद्यातल्या 2018च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो, आणि बळजबरीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत कळवावं लागतं.