किमतीसाठी संपर्क साधा

कोणत्याही नव्या गृहप्रकल्पाची वेबसाइट उघडा. कारंजं दिसेल, योगासनांचा कट्टा दिसेल, जॉगिंग ट्रॅकवर पळणारी परदेशी जोडपी दिसतील. हिंजवडी, विमानतळ, शाळा आणि हॉस्पिटल हे सगळं प्रकल्पापासून पाचच मिनिटांवर असल्याचंही कळेल. पुण्याच्या रस्त्यांना हे जमलं कसं, ते विचारायचं नाही. थोडं खाली सरकलं की शून्यापासून भराभर चढणारा एक आकडा '500+ आनंदी कुटुंबं' इथे येऊन थांबेल. कुटुंबं आनंदी असल्याची मोजदाद कुणी केली, तेही विचारायचं नाही. आणि मग या सगळ्या वैभवाच्या मधोमध ते ठसठशीत केशरी बटण येईल: 'किंमत जाणून घ्या'. हे बटण दाबल्यावर काय वाटेल ते होतं, फक्त किंमत कळत नाही.

बटणामागे फॉर्म असतो. नाव, मोबाइल, ई-मेल आणि चौथ्या रकान्यात 'आपलं बजेट'. म्हणजे किंमत विचारायला आलेल्या माणसालाच उलट विचारायचं, की बाबा रे, तुझ्या खिशात किती आहेत? त्यासाठी यादीही तयार: 50 लाखांपर्यंत, 50 ते 75, 75 ते 1 कोटी, 1 कोटीच्या वर. विकणाऱ्याने तोंड उघडायचं नाही आणि घेणाऱ्याने खिसा उलटा करून दाखवायचा, या व्यवहाराला हल्ली 'ग्राहककेंद्री डिझाइन' म्हणतात. फॉर्मच्या तळाशी मुंगीच्या अक्षरात एक वाक्य असतं आणि त्याच्यापुढे बरोबरची खूण आधीच केलेली असते: माझा नंबर डीएनडीमध्ये असला तरी मला फोन, एसएमएस व व्हॉट्सअ‍ॅप करण्यास माझी संमती आहे. मग ओटीपी. तो भरला की हिरवा टिकमार्क उगवतो आणि 'आमचे प्रतिनिधी लवकरच संपर्क साधतील' असं आश्वासन मिळतं. अख्ख्या वेबसाइटवर तंतोतंत पाळलं जाणारं आश्वासन एवढंच. पान मिटायच्या आत फोन वाजतो.

आता, धंदा करणारी माणसं काही खुळी नसतात. मग गिऱ्हाइकाला पळवून लावणारी ही रचना पैसे मोजून का करवून घेतात? कारण वेबसाइट आणि तिच्या जाहिराती ज्या एजन्सीकडे असतात, तिला घरं विकण्याचे पैसे मिळत नाहीत. तिचा हिशेब 'लीड'वर चालतो, आणि लीड म्हणजे भरलेला फॉर्म. एका लीडमागे किती खर्च आला, गेल्या महिन्यापेक्षा लीड किती वाढल्या, याच्या रंगीत आलेखांवर मालक खूश असतो. या मापाने पाहिलं तर किंमत लपवणं हा अगदी चोख निर्णय ठरतो. किंमत पानावर छापली, तर ज्याला परवडत नाही तो निमूट निघून जाईल आणि एजन्सीची एक लीड बुडेल. न छापल्यास परवडणारा, न परवडणारा, नुसतं पाहायला आलेला आणि घरभाडं वाढल्याच्या रागात रात्री मोबाइल चाळणारा, असे चौघेही फॉर्म भरतात. पाहुण्याचं ग्राहकात रूपांतर करायला निघालेली वेबसाइट त्याचं रूपांतर मोबाइल नंबरात करून मोकळी होते.

ही विद्या नवी आहे असंही नाही. आपल्याकडच्या बाजारात दलाल आणि व्यापारी रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवत आणि ज्याचा माल विकला जाई तो शेतकरी शेजारी उभा राहून रुमालाकडे पाहत राही. तिला हत्ता पद्धत म्हणत. नियंत्रित बाजार आले, उघड लिलाव आला, तेव्हा हा रुमाल काढायला कायदा करावा लागला. पाच रुपयांच्या बिस्किटपुड्यावर सर्व करांसह कमाल किंमत छापण्याची सक्ती आहे. घराच्या जाहिरातीवर 2016 च्या कायद्यामुळे नोंदणी क्रमांक आला, महाराष्ट्रात 2023 पासून क्यूआर कोडही आला. त्याच वर्षाच्या अखेरीस ऑनलाइन फसवेगिरीच्या 13 प्रकारांची यादी देशभरासाठी निघाली. किंमत एकदम न सांगता थेंबाथेंबाने वाढवत नेणं, हा तिच्यातला एक प्रकार. त्यावर आमच्या धंदेवाल्यांचं उत्तर तयार असेल: आमच्याकडे थेंबही गळत नाही साहेब, नळच बंद आहे.

किंमत पानावर छापा म्हटलं, की पहिला आक्षेप असा येतो, की प्रत्येक फ्लॅटची किंमत वेगळी. मजला वेगळा, दिशा वेगळी, एकच आकडा सांगायचा कसा? एकच आकडा मागतंय कोण? साइट ऑफिसात टेबलाच्या खणात 'कॉस्ट शीट' नावाचा कागद असतो. त्यात मूळ किंमत, मजल्यागणिक वाढणारा दर, पार्किंग आणि क्लब हाउस असं सगळं रकान्यांत मांडलेलं असतं. उरलेला हिशेब तर सरकारी दराने होतो. बांधकाम चालू असलेल्या, परवडणाऱ्या गटात न बसणाऱ्या घरावर 5 टक्के जीएसटी, पुणे शहरात एरवी 7 टक्के मुद्रांक शुल्क आणि या किमतीच्या घराला 30,000 रुपये नोंदणी फी. 80 लाखांच्या फ्लॅटवर हे सगळं मिळून 9 लाख 90 हजार होतात. शाळकरी पोरही करून देईल. ज्या वेबसाइटवर कारंज्याचं पाणी खरंखुरं उडताना दाखवता येतं, तिथे हा गुणाकार मावत नाही? दुसरा आक्षेप, स्पर्धकाला भाव कळेल. अहो, स्पर्धकाला तो केव्हाच कळलेला असतो. त्याने आपला भाचा गिऱ्हाईक म्हणून पाठवून तुमची कॉस्ट शीट कधीच नेली आहे. गावात भाव माहीत नसलेला माणूस एकच, तो म्हणजे ज्याला घर घ्यायचं आहे. तिसरा आक्षेप सगळ्यांचा लाडका: आकडा पाहून लोक बिचकतात, आधी नातं जोडावं लागतं. नातं! चाळीस वर्षांचा संसारी माणूस, वीस वर्षांचं कर्ज डोक्यावर घेऊ पाहतोय, त्याला एक आकडा हवाय, आणि हे त्याच्याशी नातं जोडणार! तो बिचकणार असेल तर पानावरच बिचकू दे ना, तुमचा फोनचा खर्च वाचेल. पण नाही. त्याने '50 ते 75' वर खूण केली म्हणून त्याला तीन दिवसांत चार वेगवेगळे प्रतिनिधी फोन करतात आणि चौघेही पहिला प्रश्न तोच विचारतात, "सर, बजेट काय आहे आपलं?" मग रविवारी गाडी येते. बायको, पोरं आणि वास्तू बघायला म्हणून सासरेही निघतात. सॅम्पल फ्लॅट दाखवतात, ज्यात मुद्दाम आखूड केलेला पलंग असतो. पोरगी 'ही माझी खोली' म्हणून खिडकीत जाऊन बसते. सामोसा येतो, सरबत येतं, आणि मग काचेच्या केबिनमध्ये आवाज खाली आणून सांगतात: 92 लाख, 'ऑल इन्क्लुसिव्ह' नाही. आणि महिनाअखेरीस एजन्सीच्या अहवालात हा माणूस यशाच्या रकान्यात असतो. फॉर्म भरला, ओटीपी टाकला, साइट व्हिजिट झाली.