फेलोराव

फेलोराव कधीच हरत नाहीत. हरणारी माणसं निराळी असतात. ती नऊ हजार किलोमीटरवर राहतात आणि त्यांना पॅनेलवर कुणी बोलावत नाही.

फेलोराव हे कुणा एकाचं नाव नाही. वॉशिंग्टनला मॅसॅच्युसेट्स अव्हेन्यूवर थिंक टँकांची एक रांगच आहे. ब्रुकिंग्ज १७७५ नंबरात, कार्नेगी १७७९ नंबरात. एकीकडे जेवून दुसरीकडे हात धुवावेत इतकंच अंतर. या रांगेत आणि रांगेबाहेर गावभर जे ‘सीनियर फेलो’ आढळतात, त्यांना मी आपला माझ्या सोयीसाठी फेलोराव म्हणतो. निरनिराळ्या इमारतींत, निरनिराळ्या वयांत मी त्यांना पाहिलं आहे. एक-दोनदा ते बाई होते. पण माइक हातात आला की माणूस तोच.

आता मी तिथे कसा? पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो, मुलगा व्हर्जिनियात, आणि मुलाकडे गेलेल्या आईबापांना तिथे दुपारी करण्यासारखं काहीही नसतं. आमच्या हिने नातवाचा ताबा घेतला, मी मेट्रोच्या कार्डाचा घेतला. थिंक टँकांचे कार्यक्रम बहुधा फुकट असतात. नाव नोंदवायचं, जायचं, थंडगार हॉलमध्ये बसायचं, वर सँडविच. मुलाने एकदा विचारलं, “बाबा, रोज कुठे जाता?” म्हटलं, “सीरिया.” तो काही बोलला नाही. त्याच्या आईला मात्र हळूच विचारताना मी ऐकलं, की बाबा गोळ्या वेळेवर घेतात ना.

फेलोरावांचा गणवेश म्हणजे निळा ब्लेझर आणि उघडी कॉलर. टाय बांधला तर माणूस सरकारात आहे असा समज होतो, आणि फेलोराव सध्या सरकारात नसतात. पूर्वी होते, पुढच्या निवडणुकीनंतर असतील. मधल्या काळात ते लेख लिहितात. लेख असा बेतलेला असतो, की उद्या सिनेटच्या समितीपुढे नेमणुकीची सुनावणी झाली तर त्यातलं एकही वाक्य अंगाशी येऊ नये. बोलण्यापूर्वी ते चष्मा काढून हातात धरतात. श्रोते धूसर दिसले की आत्मविश्वास वाढत असावा.

‘ऑन द ग्राउंड’ हे त्यांचे लाडके शब्द. ते नुकतेच ग्राउंडवर जाऊन आलेले असतात. म्हणजे सीरियाच्या सीमेबाहेर, अम्मानच्या किंवा गाझियानतेपच्या हॉटेलात. तिथे त्यांना एक कमांडर भेटलेला असतो, आणि तो कमांडर लोकशाहीवादी असतो. आता कमांडरही काही खुळा नसतो. अमेरिकेचा माणूस आला की लोकशाही, आखाती शेखाचा माणूस आला की धर्म, तुर्कस्तानचा आला की कुर्दांचा बंदोबस्त, असं ज्याचं त्याला वाढून तो आपल्या पोरांसाठी गोळ्या मिळवत असतो. त्याच्या जागी मी असतो तर हेच केलं असतं. पण फेलोराव परतीच्या विमानात ‘विश्वासार्ह भागीदार’ असं टिपून घेतात.

त्यांचा धंदा थोडक्यात असा: आपला माणूस पाठवायचा नाही, दुसऱ्याच्या हातात बंदूक द्यायची, आणि ती त्याने आपल्या शत्रूवरच झाडावी अशी अपेक्षा धरायची. त्याचाही एखादा शत्रू असू शकतो, तो आपल्याहून निराळा असू शकतो, एवढी एक बाब आराखड्यात राहून जाते. २०१५ साली पेंटॅगॉनचं नेमकं हेच झालं. काँग्रेसने ५० कोटी डॉलर मंजूर केले. वर्षाला पाच हजारांहून अधिक सीरियन बंडखोर तयार करायचे होते, आणि अट अशी की त्यांनी आयसिसशी लढावं, सीरियाचा सत्ताधारी असद याच्याशी नाही. तसं लिहूनही घ्यायचं होतं. ज्याचं घर असदच्या विमानांनी पाडलं त्याला सांगायचं, की बाबा रे, असद सोड आणि आम्ही सांगतो त्याला मार. भरती कशी होणार? जुलैमध्ये चोपन्न जणांची तुकडी आत गेली आणि अल-कायदाच्या नुसरा आघाडीने तिची दाणादाण उडवली. सप्टेंबरमध्ये दुसरी तुकडी गेली. तिने वाट मिळावी म्हणून सहा पिकअप गाड्या आणि थोडा दारूगोळा नुसराच्याच मध्यस्थाकडे सोपवला. हे शत्रूपक्षाने उठवलेलं नाही, अमेरिकी लष्करानेच कबूल केलं.

त्याच महिन्यात जनरल लॉइड ऑस्टिन सिनेटच्या समितीपुढे बसले होते. आता प्रत्यक्ष लढणारे किती उरले, असं विचारल्यावर ते म्हणाले: चार किंवा पाच.

मला त्या ‘किंवा’चं फार अप्रूप वाटलं. पन्नास कोटी डॉलरांच्या कामात चार की पाच हे नक्की सांगता येत नाही, म्हणजे मोजमाप-पुस्तिका कोण लिहीत होतं? त्या आठवड्यात मी मुद्दाम एका कार्यक्रमाला गेलो. वाटलं, आज तरी फेलोरावांचा चेहरा उतरलेला असेल. तो होता तसाच होता. चष्मा काढून ते म्हणाले, आकडा निराशाजनक आहे, पण धोरण चुकलं असा अर्थ यातून काढणं धोक्याचं आहे. आपण फार कमी केलं आणि फार उशिरा केलं.

हे वाक्य ऐकलं आणि मला घरी आल्यासारखं वाटलं. आमच्याकडे सुप्रमा नावाची चीज आहे. सुधारित प्रशासकीय मान्यता. धरणाचा खर्च मूळ अंदाजाबाहेर गेला की ती फाइल निघते. तिच्यात मुरमाचे दर असतात, भूसंपादनाचा वाढीव मोबदला असतो, विलंबाची कारणं असतात. धरण मुळात तिथे बांधायला हवं होतं का, हा रकानाच नसतो. एका सुप्रमेनंतर दुसरी येते आणि दर फाइलीवर शेरा असतो, की आता थांबलो तर आजवरचा खर्च वाया जाईल. अशा फाइलींवर मी स्वतः सह्या केल्या आहेत, म्हणून फेलोरावांना बोल लावायला माझी जीभ रेटत नाही. फरक एवढाच की आमचा कालवा कोरडा राहिला तर शेतकरी कार्यालयाला कुलूप ठोकायला तरी येत. अलेप्पोचा माणूस मॅसॅच्युसेट्स अव्हेन्यूवर कसा येणार?

गंमत म्हणजे अडाणीपणाचा आरोप फेलोरावांवर करता येत नाही. त्यांना सगळं ठाऊक असतं. सीरियात शस्त्रं द्यायचा विषय निघाला तेव्हा ओबामांनी सीआयएला विचारलं होतं, की आपण बंडखोरांना पैसा आणि शस्त्रं पुरवली आणि ते खरोखर फळाला आलं, अशी उदाहरणं काढा. फारसं काही हाती लागलं नाही, हे ओबामांनीच २०१४च्या जानेवारीत एका मुलाखतीत सांगितलं. एवढं होऊनही त्यांनी शस्त्रं दिलीच. सीआयएच्या त्या मोहिमेवर शंभर कोटी डॉलरांवर खर्च झाला आणि २०१७मध्ये ट्रम्प यांनी ती बंद केली. मधल्या काळात, २०१६च्या फेब्रुवारीत, अलेप्पोच्या उत्तरेला मारेआ गावात सीआयएने पोसलेल्या गटाला पेंटॅगॉनने पोसलेल्या गटाने हुसकून लावलं. दोन्हीकडची बिलं एकाच करदात्याच्या नावे. यावर प्रश्न आला तेव्हा फेलोराव म्हणाले, समन्वय वाढवायला हवा.

इतिहासाचं उदाहरण दिलं तर ते आनंदाने मान डोलावतात, कारण त्यांच्याकडे प्रत्येकाचं उत्तर तयार असतं. क्यूबा घ्या. १९६१च्या एप्रिलमध्ये सुमारे चौदाशे निर्वासित क्यूबन बे ऑफ पिग्जच्या किनाऱ्यावर उतरवले, तीन दिवसांत खेळ आटोपला, हजारावर पकडले गेले. पुढच्या वर्षी त्यांना सोडवायला कॅस्ट्रोला पाच कोटी तीस लाख डॉलरांचं अन्न आणि औषधं द्यावी लागली. फेलोराव म्हणणार, केनेडींनी दुसरा हवाई हल्ला रद्द केला नसता तर! अफगाणिस्तान घ्या. तिथे रशियन गेले की नाही? गेले. नंतर आपणच दिलेली स्टिंगर क्षेपणास्त्रं पैसे मोजून परत विकत घेत फिरावं लागलं, तो म्हणे निराळ्या पॅनेलचा विषय.

फक्त एका नावापाशी त्यांची गाडी जरा अडते. मुस्तफा बारझानी. १९७०च्या दशकात इराकी कुर्दांच्या या पुढाऱ्याला अमेरिकेने इराणच्या शहामार्फत शस्त्रं दिली, बगदादशी लढत ठेवलं. १९७५च्या मार्चमध्ये शहाने अल्जीयर्सला सद्दामशी करार केला आणि मदतीचा नळ बंद झाला. हजारो कुर्द डोंगर ओलांडून पळाले. बारझानी आजारपणात अमेरिकेत आले आणि १९७९ साली याच वॉशिंग्टनात, जॉर्जटाउनच्या इस्पितळात वारले. थिंक टँकांच्या रांगेपासून ते इस्पितळ दूर नाही. मी हे एका मध्यंतरात काढलं तर फेलोराव म्हणाले, “फार दुःखद. त्यावर आमच्या एका सहकाऱ्याचं उत्तम पुस्तक आहे.” आणि कॉफीकडे वळले.

चूक झाली म्हणून फेलोरावांची जागा गेली, असं घडत नाही. इराकमध्ये शिरा म्हणणारा पुढे ‘इराकचे धडे’ या विषयावरचा अधिकारी गणला जातो. त्याचा युक्तिवादही बिनतोड असतो: धडे त्याच्याइतके कुणाकडे आहेत? सुरुवातीपासून ‘नको’ म्हणणारी मंडळीही त्या शहरात आहेत, पण त्यांना व्यासपीठाच्या कडेची खुर्ची मिळते. चर्चा समतोल दिसावी म्हणून. ‘नको’ म्हणणाऱ्यापाशी नकाशा नसतो, पायऱ्या नसतात, दहा कलमी कार्यक्रम नसतो. तो फार तर पाच मिनिटं बोलू शकतो. तेवढ्यावर कुणी पन्नास पानी अहवाल छापत नाही आणि देणगीही देत नाही.

मग २०२४चा डिसेंबर उजाडला. असद पडला! पुण्याला टीव्हीसमोर बसून मी पाहत होतो. बारा दिवसांच्या धडकेत दमास्कस घेतलं, पण ते कुणी? अहमद अल-शरा यांच्या हयात तहरीर अल-शामने. म्हणजे त्याच नुसरा आघाडीच्या पुढच्या अवताराने, जिच्या मध्यस्थाला त्या सहा पिकअप गाड्या गेल्या होत्या. शरांच्या डोक्यावर अमेरिकेचं एक कोटी डॉलरांचं इनाम होतं, ते त्याच महिन्यात काढून घेतलं. २०२५च्या सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कला एका व्यासपीठावर त्यांची मुलाखत घेतली कुणी, तर डेव्हिड पेट्रेयस यांनी. हे सीआयएचे माजी प्रमुख. २०१२ साली सीरियन बंडखोरांना शस्त्रं द्यावीत असा आग्रह धरणारे, आणि त्याआधी इराकमधल्या अमेरिकी फौजेचे सेनापती, त्या काळात हेच शरा तिथे अमेरिकनांच्या कैदेत होते. दोघेही छान हसत बोलले. नोव्हेंबरमध्ये शरा व्हाइट हाउसला जाऊन आले. आयुष्यभर सिंचनाची आकडेवारी केलेल्या माणसाला असल्या हिशेबाचं कौतुक वाटल्याशिवाय राहत नाही.

त्यानंतर व्हर्जिनियाला गेलो तेव्हा फेलोरावांचा कार्यक्रम होताच. विषय, ‘सीरियातील यशाचे धडे’. नवा ब्लेझर, जुना चष्मा. आपण टाकलेला दबाव, आपली चिकाटी, दीर्घकालीन दृष्टी वगैरे झालं. पुढे दुसऱ्या एका देशातल्या बंडखोरांचा नकाशा पडद्यावर आला. तिथेही एक कमांडर होता.

कार्यक्रमानंतर सँडविचच्या टेबलाशी मी त्यांना गाठलं. विचारलं, “साहेब, ज्याला बंदूक देता त्याचा स्वतःचा हिशेब असतो, हे तुम्ही आधी का धरत नाही?”

त्यांनी माझ्या छातीवरची नावाची चिठ्ठी वाचली. “तुम्ही भारतीय?”

“हो.”

“मग १९८३नंतर तुम्ही श्रीलंकेतल्या तमिळ गटांना शस्त्रं आणि प्रशिक्षण दिलंत, त्यांचा हिशेब तुम्ही धरला होता?”

माझ्या घशात सँडविच अडकलं. १९८७मध्ये आपली शांतिसेना गेली आणि ज्या तमिळ वाघांना आपणच पोसलं त्यांच्याशीच लढत बसली. सुमारे १,२०० जवान गेले. १९९१ साली श्रीपेरुम्बुदूरला त्यांनी राजीव गांधींचा घात केला. दिल्लीतही फेलोराव होते, आहेत. फक्त तिकडे ते निवृत्त राजदूत असतात आणि बंदगळा घालतात. मी खाली मान घालून म्हटलं, “नाही धरला. आमचं चुकलंच.”

फेलोरावांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. इतक्या वर्षांत त्यांना माझ्याविषयी प्रथमच आपुलकी वाटलेली दिसली.

“चुकलं असं म्हणू नका,” ते म्हणाले. “तुम्ही थोडं कमी केलंत, आणि जरा उशिरा.”