विषय : दरमहा साडेअकरा पौंडांबाबत

प्रति,
श्रीमंत महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे),
बडोदे संस्थान.

संदर्भ : १) दि. ४ जून १९१३ चा करारनामा. २) राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीची मार्गदर्शक तत्त्वे. ३) आमच्या कक्षातील एकंदर अस्वस्थता.

महाराज,

उपरोक्त विषयान्वये कळवण्यात येते की, जुन्या नस्त्यांची छाननी करताना आपल्या संस्थानाने १९१३ साली श्री. भीमराव रामजी आंबेडकर या विद्यार्थ्यास परदेशी शिक्षणासाठी दिलेल्या शिष्यवृत्तीचे प्रकरण आमच्या निदर्शनास आले. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, कोलंबिया विद्यापीठ, न्यूयॉर्क. प्रकरण शंभर वर्षांहून जुने आहे, हे आम्ही जाणतो. परंतु मुदतबाह्य होतो तो अर्ज; आक्षेप कधीच होत नाही. आपला ईमेल आणि मोबाइल क्रमांक पोर्टलवर नोंदवलेला नसल्याने हे पत्र खुले पाठवणे भाग पडले आहे.

प्रथम निवड प्रक्रियेविषयी. आपण जाहिरात दिली नाही. ऑनलाइन अर्ज मागवले नाहीत. मुंबईत केळुसकर गुरुजींनी एका मुलाची शिफारस केली, आपण त्याला भेटीस बोलावले, चार प्रश्न विचारले, उत्तरे आवडली आणि एल्फिन्स्टन कॉलेजसाठी महिना पंचवीस रुपये सुरू झाले. त्याच ओळखीवर पुढे अमेरिका. मुलाशी प्रत्यक्ष बोलून निवड करण्याची ही पद्धत अत्यंत घातक आहे. तिच्यात सर्व्हर बंद पडण्याला वावच राहत नाही.

नस्तीत गुणपत्रक म्हणून मॅट्रिकचे गुण कोणीतरी लावले आहेत : ७५० पैकी २८२. केंद्राची ६० टक्क्यांची अट पदवी परीक्षेला आहे, मॅट्रिकला नाही, हे खरे. पण २८२ हा आकडा वाचून आमच्या कक्षातील दोघांना पाणी द्यावे लागले. त्यावर कहर म्हणजे या गुणांबद्दल त्या मुलाचा सत्कार झाला आणि सत्कारात केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. शिफारस करणारा आणि भेट देणारा गृहस्थ एकच! हितसंबंधाचे प्रतिज्ञापत्र कोठे आहे?

आता कागदपत्रे. अर्जदाराचा जन्म महूचा, मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातले आंबडवे, शाळा साताऱ्याची, राहणे परळच्या चाळीत, नोकरी बडोद्याची. अधिवास दाखला नेमका कोणी द्यायचा? नावाचेही तेच. वडिलांचे आडनाव सकपाळ. साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० रोजी ‘भिवा रामजी आंबेडकर’. करारनाम्यावर भीमराव. तीन कागदांवर तीन माणसे दिसत असताना आपण पैसे कोणाच्या खात्यात जमा केले? (त्या ७ नोव्हेंबरला महाराष्ट्रात आता विद्यार्थी दिवस साजरा होतो. उत्सवाला नावातील तफावत चालते, अर्जाला चालत नाही.)

उत्पन्नाचा दाखला वडिलांच्या नावे लागतो. वडील सुभेदार रामजी २ फेब्रुवारी १९१३ रोजी वारले, म्हणजे करारनाम्याच्या चार महिने आधी. मृत व्यक्तीचे चालू आर्थिक वर्षाचे उत्पन्न आठ लाखांच्या आत असल्याचे तहसीलदारांचे प्रमाणपत्र आपण मागितल्याचे दिसत नाही. शिवाय एका आईबापांच्या दोनपेक्षा जास्त अपत्यांना लाभ देता येत नाही. सदर अर्जदार हे चौदावे अपत्य आहे. आधीच्या तेरांपैकी कोणी परदेशी जाऊन आले नसल्याचे हमीपत्र कृपया जोडावे. वय मात्र बावीस, म्हणजे पस्तिशीच्या आत. ही एक अट अर्जदाराने पूर्ण केली आहे आणि त्याबद्दल कक्षाला समाधान वाटते.

विद्यापीठाच्या दर्जाबाबत आमची अडचण समजून घ्यावी. परदेशी विद्यापीठ क्यूएस क्रमवारीत पहिल्या पाचशेत असावे लागते. ही क्रमवारी २००४ पासून निघते. १९१३ साली कोलंबिया कितवे होते, हे आपण कशावरून ठरवले? तेथे जॉन ड्युई आणि एडविन सेलिग्मन शिकवत होते, एवढे कारण टिप्पणीत चालत नाही. माणसे क्रमवारीत मोजली जात नाहीत.

येथवरचे आक्षेप किरकोळ म्हणून सोडता आले असते. पुढचा सोडता येणार नाही.

केंद्राच्या सामाजिक न्याय आणि अधिकारिता मंत्रालयाने २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट केले की भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक संशोधन या विषयांना परदेश शिष्यवृत्ती मिळणार नाही. कारणही दिले : हे सारे शिकायची सोय देशातच उत्तम आहे, मग बाहेर कशाला? या तत्त्वाच्या उजेडात आपल्या विद्यार्थ्याचे काम पाहिले. १९१५ चा प्रबंध : ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि वित्तव्यवस्था. अपात्र. १९१६ चा प्रबंध : भारताचा राष्ट्रीय लाभांश. अपात्र. तोच पुढे १९२५ साली ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्ताची उत्क्रांती म्हणून छापला. नाव बदलले तरी अपात्र. आणि ९ मे १९१६ रोजी, गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात, निबंध वाचला तो कशावर? भारतातील जातींवर : त्यांची यंत्रणा, उगम आणि विकास.

महाराज, जातीचा अभ्यास करायला न्यूयॉर्क? जात इथे मुबलक आहे. घरपोच मिळते. साताऱ्याच्या शाळेत या मुलाला ती बसायच्या गोणपाटासकट आणि पाण्याच्या वेगळ्या व्यवस्थेसकट मोफत मिळालेली होती. शासकीय तिजोरीवर एका पैचाही भार न टाकता देशात उपलब्ध असलेली वस्तू आपण पौंडांत आयात केलीत. तेथे चर्चासत्राच्या टेबलाशी त्याला इतरांच्या रांगेत खुर्ची होती आणि बोलताना कोणी उठून गेले नाही, असे आपले म्हणणे असेल, तर ते योग्यच असेल. परंतु अर्जाच्या नमुन्यात ‘बसण्याची सोय’ असा रकाना नाही.

अभ्यासक्रमाचीही शिस्त नाही. पदवीला लागेल तेवढेच शिकावे आणि त्याचेच पैसे घ्यावेत, ही जगभरच्या शिष्यवृत्ती खात्यांची साधी अपेक्षा असते. या विद्यार्थ्याने कोलंबियात अर्थशास्त्राचे २९ विषय घेतले, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, आणि वर फ्रेंच व जर्मनचे एकेक. बेरीज साठ. शिष्यवृत्ती एका माणसाची, आणि शिकले एक अख्खे महाविद्यालय. शिवाय न्यूयॉर्कच्या जुन्या बाजारातून सुमारे दोन हजार पुस्तके घेतली. आमच्याकडे आकस्मिक खर्चाला वर्षाकाठी १,५०० डॉलर असतात, विलायतेत १,१०० पौंड. पुस्तके, वह्या, अभ्यासदौरा आणि टंकलेखन, सगळे त्यात. आपल्या साडेअकरा पौंडांत, म्हणजे वर्षाच्या १३८ पौंडांत, हे कसे बसले? त्यातूनही मुलगा घरी पैसे पाठवत होता, असे कळते. म्हणजे एक तर रक्कम जास्त होती, नाही तर तो जेवत नव्हता. दोन्ही बाबींचा खुलासा करावा.

स्थलांतराबाबत तर नियम ढळढळीत आहे : मंजूर अभ्यासक्रम बदलता येत नाही, विद्यापीठ बदलता येत नाही. १९१६ साली हा विद्यार्थी कोलंबिया सोडून लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाला आणि त्याच वर्षी ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीलाही. दोन देश, तीन संस्था, एक लाभार्थी. घरची संस्था कोणती आणि पाहुणी कोणती? हजेरी कोण देणार, शुल्काची पावती कोण देणार, प्रगती अहवालावर सही कोणाची? कोलंबिया आणि लंडन यांच्यात सामंजस्य करार झाल्याचा कागद नस्तीत नाही. आजच्या मुलाने एवढे केले असते, तर दुसऱ्या हप्त्यालाच त्याची फाइल ‘वसुली’ कपाटात गेली असती. आणि ग्रेज इनचा क्रमवारीतला नंबर तर आम्ही अजून शोधतो आहोत.

१९१७ मध्ये वाढवून दिलेली मुदतही संपली म्हणून आपल्या दरबाराने त्याला परत बोलावले. लंडनचा अभ्यास अर्ध्यात होता. चार वर्षांत परत येऊन तो पूर्ण करण्याची मुभा विद्यापीठाने दिली, दरबाराने दिली नाही. येथे आपल्या कारभारात प्रथमच आम्हाला आमची माणसे भेटली आणि डोळे भरून आले. महायुद्ध चालू होते. पुस्तकांच्या पेट्या वेगळ्या बोटीने निघाल्या. ती ‘सॅल्सेट’ बोट २० जुलै १९१७ रोजी जर्मन पाणबुडीने इंग्लिश खाडीत बुडवली. सामानाची भरपाई पुढे मिळाली, ती लाभार्थ्याने बडोद्याला जाण्याच्या भाड्यात घातली. वास्तविक ती रक्कम चलनाने भरायला हवी होती. बोटीच्या बुडण्याचा पंचनामाही जोडलेला नाही.

आणि बंधपत्र. परतल्यावर बडोद्याची दहा वर्षे सेवा, असे करारात लिहिले आहे. प्रत्यक्षात सेवा झाली काही आठवडे. शिपाई टेबलावर फाइली लांबून फेकत. गावात एकाही हॉटेलात, एकाही घरात जागा मिळेना. नाव बदलून पारशी धर्मशाळेत राहिले, तर अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन लोक आले. राहण्याच्या जागेबाबतचा अर्ज आपल्याकडे आला. आपण तो दिवाणांकडे वर्ग केलात. दिवाणांनी असमर्थता कळवली. संपूर्ण प्रकरणात नियमानुसार झालेली ही एकमेव कार्यवाही होय, आणि तिची प्रत आम्ही नवीन कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी ठेवून घेत आहोत. तथापि ‘राहायला खोली मिळाली नाही’ हे बंधपत्रातून सुटकेचे कारण होऊ शकत नाही. जामीनदारांची नावे कळवावीत.

महाराज, सगळेच दोष आपल्या माथी मारावेत, असा हेतू नाही. एक गोष्ट आपल्या बाजूला नव्हती आणि आमच्या बाजूला आहे. आपल्या दारी येण्यासाठी केळुसकर लागत. ज्या मुलांना केळुसकर भेटले नाहीत, त्यांची नावेही कोणाला ठाऊक नाहीत. आज किनवटच्या किंवा गडहिंग्लजच्या मुलीला कोणा महाराजांची मर्जी सांभाळावी लागत नाही. देशभरातून १२५ जागा : ११५ अनुसूचित जातींना, ६ भटक्या-विमुक्तांना, ४ भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागिरांच्या मुलांना, त्यांत ३० टक्के मुली. राज्याच्या राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीच्या आणखी ७५. हा हक्क आहे, दान नव्हे, आणि तो लिहून ठेवलेला आहे. हे लिहिताना मान ताठ होते.

मग २०२५ चा जुलै आठवतो. केंद्राच्या यादीत १०६ जण निवडले गेले होते. चाळीस जणांना तात्पुरती मंजुरीपत्रे गेली. सहासष्ट जणांना सांगण्यात आले की निधी उपलब्ध झाल्यास पाहू. ऑगस्ट-सप्टेंबरात तिकडचे वर्ग सुरू होतात; त्याआधी व्हिसा, त्याआधी बँकेतली रक्कम दाखवायची, त्याआधी आमचे पत्र. या मुलांनी दाखला दिला होता, गुण दिले होते, क्रमवारी दिली होती, विषयातून भारत वगळला होता. सर्व अटी पाळल्या त्यांनी, आणि शेवटी थांबले कशासाठी? तिजोरीच्या मर्जीसाठी. म्हणजे हक्क आम्ही राज्यघटनेच्या काळात आणला, रक्कम मात्र अजून संस्थानी काळातच आहे. आणि आपल्या काळातली ती निदान दर महिन्याला पोचत असे. हे वाक्य आमच्या वरिष्ठांना दाखवू नये.

शेवटची बाब गंभीर आहे. १९२५ सालचे ते प्रांतिक वित्ताचे पुस्तक लेखकाने आपणांस अर्पण केले आहे, शिक्षणात केलेल्या मदतीबद्दल कृतज्ञतेपोटी, असे छापून. लाभार्थ्याने मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्यास वस्तू देणे आचारसंहितेत बसत नाही. पुस्तकाचे मूल्य किती, ते आपण कोणाकडे जाहीर केले, आणि ते आता कोणत्या जडसंग्रह नोंदवहीत आहे?

‘परतल्यानंतर देशास झालेला उपयोग (पन्नास शब्दांत)’ हा रकाना रिकामा आहे. त्यात कोणीतरी शिसपेन्सिलीने ‘३९५ कलमे, ८ अनुसूची’ असे खरडले आहे. पेन्सिलीतील नोंद ग्राह्य धरता येत नाही.

तरी वरील त्रुटींची पूर्तता हे पत्र मिळाल्यापासून सात दिवसांत, मूळ प्रमाणपत्रांच्या साक्षांकित प्रतींसह, कार्यालयीन वेळेत, दुपारच्या जेवणाची सुट्टी वगळून सादर करावी. अन्यथा १९१३ ची शिष्यवृत्ती रद्द समजण्यात येईल आणि तिच्यातून झालेले सर्व शिक्षण शासनजमा करण्यात येईल.

आपला विश्वासू,
कक्ष अधिकारी (इतरांचे परदेश)

प्रत माहितीस्तव : १) छत्रपती शाहू महाराज, कोल्हापूर. याच लाभार्थ्यास १९२० मध्ये पुन्हा लंडनला जाण्यासाठी आपण मदत केल्याचे कळते. एका व्यक्तीस दुसऱ्यांदा लाभ देता येत नाही. आपल्या नावाची योजना असली तरी आपणांस सूट नाही. आक्षेप स्वतंत्रपणे कळवण्यात येतील.
२) श्री. नवल भथेना, मुंबई. त्याच प्रवासासाठी आपण मित्र म्हणून पाच हजार रुपये कर्जाऊ दिलेत. मैत्री या बाबीसाठी लेखाशीर्ष उपलब्ध नसल्याने आपले प्रकरण दप्तरी दाखल करण्यात येत आहे.