देश नामंजूर

नाना बँकेतून निवृत्त झाले ते कर्ज विभागातून. आलेल्या अर्जात खोट शोधायची आणि वर लाल शाईने 'नामंजूर' लिहायचं, हे काम त्यांनी आयुष्यभर इतकं मन लावून केलं, की निवृत्तीनंतर हाताची सवय राहिली आणि अर्ज मात्र यायचे थांबले. मग त्यांनी देश घेतले.

त्यासाठी एक जुनी खातेवही आहे. तीन रकाने : देश, कारण, शेरा. संध्याकाळी सोसायटीच्या बाकावर कुणी सहज म्हणालं, "नाना, यंदा इजिप्तला जावं म्हणतोय," की नाना चष्मा कपाळावर चढवतात आणि इजिप्तचं प्रकरण सुनावणीला येतं. उंटावर चढायचे पैसे वेगळे, उतरायचे वेगळे, नामंजूर. इथियोपियात खायला मिळत नाही, नामंजूर. ही माहिती १९८४ सालच्या दुष्काळाच्या बातम्यांमधली. त्यानंतर तिथे कधी पाऊस पडला असेल, पीक आलं असेल, अशी नोंद वहीत नाही. ज्या देशातून कॉफी जगभर गेली आणि जिथे टेफ नावाच्या बारीक धान्याचं पीठ आंबवून परातीएवढा जाळीदार इंजेरा घालतात, त्या देशाबद्दल नाना हे बोलतात, तेही हातात कॉफीचा कप धरून. कोलंबियाच्या पुढे फक्त 'मालिका पाहिली' एवढंच आहे. आणि जानेवारी २०२४ मध्ये लक्षद्वीपवरून मालदीवशी वाजलं, तेव्हा नानांनी तिथली सहल तडकाफडकी रद्द केली. सहल ठरलेली नव्हती. पण रद्द केली आणि ग्रुपवर तसं कळवलंही.

मंजूर देश थोडे आहेत. त्यांत जपान पहिला. नाना जपानला गेलेले नाहीत, त्यामुळे तिथे काही खटकायचा प्रश्नच येत नाही. स्वित्झर्लंडला मात्र गेले आहेत, मराठी मंडळींच्या सहलीबरोबर, आणि आल्प्सच्या कुशीत वरण-भात खाऊन 'शेवटी शिस्त ती शिस्त' असा अभिप्राय घेऊन आले. त्याच सहलीत त्यांचं पाकीट मारलं गेलं. पॅरिसमध्ये, आयफेल टॉवरच्या पायथ्याशी, भर दुपारी. हेच कैरोत घडलं असतं तर इजिप्तला वहीत दुसरं पान लागलं असतं. फ्रान्स मात्र वहीत आलाच नाही. "तो चोर काही फ्रेंच नव्हता," नाना म्हणतात. चोराचा पासपोर्ट त्यांनी केव्हा पाहिला, हे विचारण्याची आमच्यात कुणाची छाती नाही.

माणूस दुष्ट नाही, हे इथेच सांगून ठेवतो. रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायला पहिली गाडी निघते ती नानांची. फक्त परका देश म्हटला की तो कर्ज मागायला आला आहे आणि बुडवणार आहे, अशी त्यांची खात्री असते. असे नाना प्रत्येक सोसायटीत एक तरी असतात. काही बायकाही असतात. पण त्या वही ठेवत नाहीत, तोंडपाठ असतं.

नानांना एकदाच चिडलेलं पाहिलं. त्यांच्या अमेरिकेतल्या भाच्याने फोनवर काहीतरी दाखवलं. अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या नागरिकांसाठी देशांची चार पायऱ्यांची यादी ठेवतं. पहिली पायरी म्हणजे खुशाल जा, चौथी म्हणजे जाऊच नका. भारत दुसऱ्या पायरीवर होता : जास्त खबरदारी घ्या. नाना बाकावरून उठलेच. "कोण हे? आलेत का कधी इथे? चार बातम्या वाचायच्या आणि अख्ख्या देशाला नावं ठेवायची! येऊन बघा म्हणावं, येऊन!" भाचा घाबरून म्हणाला, "मामा, फ्रान्स आणि जर्मनीही त्याच पायरीवर आहेत." नाना बसले. "मग ठीक आहे," ते म्हणाले, "संगत बरी आहे."

वहीत सगळ्यात जाड प्रकरण होतं उझबेकिस्तानचं. 'स्तान'ने संपणारे सगळे देश नानांनी एकगठ्ठा निकालात काढले होते (वाचकांच्या जे मनात आलं ते माझ्याही आलं होतं, मी बोललो नाही), पण उझबेकिस्तानवर त्यांचा खास रोष. एक तर तैमूर तिथला. १३९८ मध्ये त्याने दिल्ली लुटली. ही थकबाकी नानांच्या हिशेबी अजून येणं आहे. बाबरही तिथलाच, फरगाण्यातल्या अंदिजानचा. आणि ताश्कंदला आपले शास्त्रीजी गेले. १० जानेवारी १९६६ ला करारावर सही आणि त्याच रात्री, ११ तारीख लागल्यावर, मृत्यू. 'याचा खुलासा होईपर्यंत नाही,' असा शेरा होता, खाली दोन रेघा.

आणि नेमकी नात समरकंदला निघाली. नीटमध्ये मार्क बरे पडले होते, पण सरकारी कॉलेजला पुरतील इतके नाहीत. खासगी कॉलेजची फी ऐकून घरात दोन दिवस कुणी मोठ्याने बोललं नाही. महाराष्ट्रातली कितीतरी मुलं हल्ली डॉक्टर व्हायला तिकडे जातात, तशी तीही गेली. नाना विमानतळावर आले नाहीत. पण पहिला हिवाळा सरला तसं नानांच्या पत्नीने, माईंनी, जाहीर केलं, "मी पोरीला बघायला चाललेय. तुम्ही तुमची वही सांभाळा." बँकेत असताना वरून दबाव आला की नाना 'खास बाब' म्हणून मंजुरी द्यायचे. तशी ती दिली गेली.

पुढचं सगळं माईंकडून कळलं.

दिल्लीहून विमान तीनेक तासांत ताश्कंदला उतरलं, तेव्हा नाना नाराज झाले. एवढ्या वाईट देशाने इतकं जवळ असणं त्यांना पटेना. शास्त्रीजींच्या पुतळ्यापुढे ते बराच वेळ हात जोडून उभे राहिले. "नीट ठेवलाय," एवढंच म्हणाले. मग समरकंदची अफ्रोसियोब गाडी. ताश्कंद ते समरकंद साडेतीनशेच्या आसपास किलोमीटर, वेळ दोन तासांच्या थोडा वर. नानांचं डेक्कन क्वीनवर प्रेम आहे; ती १९३० पासून धावते आणि १९२ किलोमीटरला तीन तासांच्या वर घेते. घड्याळाकडे पाहत नाना म्हणाले, "यांना घाट कुठे लागतो!"

समरकंदात खरी पंचाईत झाली ती लोकांच्या वागण्याने. भेटेल तो उजवा हात छातीवर ठेवून किंचित वाकतो. नानांच्या अनुभवात, कर्जदार छातीवर हात ठेवायला लागला की हप्ता बुडतो. रेगिस्तान चौकात तीन बाजूंना तीन मदरसे, निळ्या फरशांनी नुसते झळाळणारे, आणि त्यांतल्या शेरदोरच्या कमानीवर चक्क वाघासारखी जनावरं, त्यांच्या पाठीवर माणसाच्या चेहऱ्याचा सूर्य. माई तिकडे बघत राहिल्या. नाना मात्र आपल्याला घेरलेल्या घोळक्याकडे बघत राहिले. आज्या होत्या, नातवंडं होती, 'हिंदिस्तोन?' विचारून फोटोसाठी खेटून उभी राहत होती. एका म्हातारबुवांनी 'राज कपूर' म्हटलं, दुसऱ्याने 'मिथुन' म्हणून कंबर हलवून दाखवली. नाना एक हात पाकिटावर ठेवून सगळ्या फोटोंत उभे आहेत. सियोब बाजारात तर बायका जर्दाळू, बेदाणे, हलवा हातावर ठेवत होत्या, चव बघा म्हणून. नाना पुढच्या ठिकाणी जात, खात आणि वाट बघत : आता पैसे मागतील, आता मागतील. शेवटपर्यंत कुणी मागितले नाहीत. "फार लांबचा डाव असणार," ते माईंना म्हणाले.

म्हणजे चांगुलपणाने हा माणूस हलला नाही, हे लक्षात घ्या. इतिहासानेही नाही. बीबी खानम मशीद तैमूरने दिल्लीच्या लुटीनंतर, १३९९ मध्ये बांधायला घेतली आणि दगड ओढायला हिंदुस्थानातून नेलेले हत्ती लावले, असं नातीने सांगितलं. बांधून होते न होते तोच तिची पडझड सुरू झाली होती, हेही सांगितलं. "हत्ती आपले होते," नाना म्हणाले, "मुकादम त्यांचे." मग बाबराचा विषय निघाला. त्याने समरकंद तीनदा जिंकलं आणि तीनदा घालवलं. शैबानी खानाच्या उझबेकांनी त्याला तिथे टिकू दिलं नाही, म्हणून तो काबूलला आणि तिथून इकडे. नाना रस्त्यातच थांबले. "म्हणजे यांनीच त्याला आपल्याकडे पाठवला!" वहीतल्या जुन्या नोंदीला इतका भक्कम पुरावा मिळाल्यावर त्यांना दोन दिवस फार छान झोप लागली.

नाना हलले ते टॅक्सीवाल्यामुळे. सोन्याच्या दातांचा वयस्कर माणूस, पांढरी शेवरोले. नात मोडक्यातोडक्या रशियनमध्ये दुभाषाचं काम करत होती. नानांनी नुसतं विचारलं, की इथली जाडजूड चकचकीत रोटी सगळीकडे मिळते का? (ही रोटी पालथी ठेवायची नाही, सुरीने कापायची नाही. माईंना ते फार आवडलं.) टॅक्सीवाल्याने गाडी बाजूला घेतली. म्हणाला, बुखाऱ्याच्या अमिराला ही रोटी इतकी आवडली, की त्याने समरकंदचा भटारीच नेला. रोटी जमेना. मग समरकंदचं पीठ नेलं, पाणी नेलं, तरी जमेना. भटारी म्हणाला, महाराज, आता तिथली हवा आणा. गोष्ट तिथे सगळ्यांना ठाऊक आहे, पण टॅक्सीवाला ती काल घडल्यासारखी सांगत होता. मग पलोव. समरकंदात भात, गाजर आणि मटण थराथराने लावून वाढतात. ताश्कंदवाले, तो म्हणाला, सगळं कालवून टाकतात. 'कालवून' म्हणताना त्याने खिडकीबाहेर थुंकल्यासारखं केलं.

नाना त्याच्याकडे बघत राहिले. पुण्याबाहेर त्यांना प्रथमच कुणी आपलं माणूस भेटलं होतं.

त्यानंतर दोघांनी मिळून शहर पालथं घातलं. उलुघ बेगच्या वेधशाळेत नानांनी जयपूरच्या जयसिंहाचं नाव घेतलं; त्याने आपल्या पंचांगगणितात उलुघ बेगची कोष्टकं वापरली होती. टॅक्सीवाला म्हणाला, बघा, शिकलात ना आमच्याकडून. एरवी नाना पेटले असते. ते म्हणाले, "बोलतो मात्र ठासून." शेवटच्या दिवशी टॅक्सीवाल्याने घरी जेवायला नेलं. नाना शाकाहारी, म्हणून त्याच्या बायकोने पलोवमधले मटणाचे तुकडे एक-एक करून काळजीपूर्वक वेचून काढले आणि ताट प्रेमाने पुढे ठेवलं. नानांनी काय केलं, ते माईंनी सांगितलं नाही. मी दोनदा विचारलं.

परवा तिसऱ्या मजल्यावरचे डॉक्टर बाकापाशी आले. हातात सहलीचं पत्रक : ताश्कंद आणि बुखारा, आठ दिवस. नानांनी चष्मा कपाळावर चढवला.

"ताश्कंद कशाला? तिथे आहे काय? जुनं गाव ६६ च्या भूकंपात गेलं, सगळं नवीन बांधकाम. आणि पुलाव कालवतात हो!"

"आणि बुखारा?"

"बुखाऱ्याला धड रोटी मिळायची नाही."

डॉक्टर हिरमुसले. "तुम्ही जाऊन आलात का बुखाऱ्याला?"

"जायला कशाला हवं?" नाना म्हणाले. "समरकंदात कुणालाही विचारा."