आबांना लायसन कशाला?

महाराष्ट्रात रिक्षा चालवायची तर लायसन आणि बॅज लागतो. खता-औषधांचं दुकान टाकायचं तर परवाना लागतो, वर शेतकी शिक्षणाचा कागद लागतो. केशकर्तनालय काढलं तरी सरकारदरबारी कळवणं चुकत नाही. मात्र एकाच्या बापजाद्यांची जमीन दुसऱ्याच्या गळ्यात घालायची असेल, तर कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, दोन मोबाइल आणि दारात उभी स्कॉर्पिओ एवढी पात्रता पुरते. स्कॉर्पिओ हप्त्यावरची असली तरी चालते.

या पात्रतेचे आमचे आबा. आबा हे कुणा एकाचं नाव नव्हे. भिगवण ओलांडलं की इंदापूर येईपर्यंत सोलापूर हायवेच्या दर फाट्यावर एक आबा भेटतात. लोणी देवकरला एमआयडीसी असल्यामुळे इथे जरा जास्तच भेटतात. टपरीवर बसून समोरून जाणाऱ्या गाडीचा एमएच १२ किंवा १४ नंबर पाहायचा आणि आत बसलेल्याची ऐपत गुंठ्यात मोजायची, ही विद्या त्यांना कुठल्या संस्थेने दिलेली नाही.

अशा या आबांना मध्यंतरी धडकी भरली होती. सरकारने एजंटांना परीक्षेला बसवायचं ठरवलं.

झालं असं की २०१६ साली केंद्राने रेरा कायदा केला आणि १ मे २०१७ पासून महारेरा प्राधिकरण कामाला लागलं. बिल्डरबरोबर एजंटालाही नोंदणी सक्तीची झाली. एकट्या माणसाला फी १० हजार, मुदत ५ वर्षं. नोंदणीशिवाय प्रकल्पातला फ्लॅट किंवा प्लॉट विकला तर कलम ६२ प्रमाणे दिवसाला १० हजार दंड, तो वाढत मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत जातो. कायद्याने व्याख्याही अशी केली की ग्राहकाची आणि विकणाऱ्याची नुसती ओळख करून देणारासुद्धा, तो स्वतःला काहीही म्हणवून घेवो, एजंटच ठरतो. ‘आपण फक्त पाहुण्यांची गाठ घालून दिली’ ही आबांची ठेवणीतली पळवाट तिथेच बुजली.

मग जानेवारी २०२३ मध्ये महारेराने पुढचा आदेश काढला. एजंटाने २० तासांचं प्रशिक्षण घ्यायचं, परीक्षा द्यायची आणि प्रमाणपत्र मिळवायचं. परीक्षा घेणार आयबीपीएस, म्हणजे बँकेतले कारकून निवडणारी संस्था. पहिली परीक्षा २० मे २०२३ रोजी झाली. ४२३ जण बसले, ४०५ पास झाले. तलाठी भरतीला लाखो पोरं अर्ज करतात आणि वर्षानुवर्षं अभ्यासिकेत झिजतात. म्हणजे सातबारा लिहायची नोकरी मिळवायला एवढी झुंज, आणि प्लॉट विकायच्या परवानगीला १८ जण सोडून सगळे पास! तरीही हजारो एजंट परीक्षेच्या वाटेला गेलेच नाहीत. जानेवारी २०२४ मध्ये महारेराने सुमारे २० हजार जणांची नोंदणी स्थगित केली, तेव्हा आबांनी गाडीवरचं ‘इस्टेट कन्सल्टंट’चं स्टिकर रातोरात खरवडून काढलं.

पुढे कुणीतरी त्यांना कायदा समजावून सांगितला आणि आबांचा जीव भांड्यात पडला. ही नोंदणी लागते प्रकल्पातले फ्लॅट, इमारती, प्लॉट विकायला. सरळ शेतजमिनीच्या सौद्याला ती लागतच नाही! पुण्यातल्या एसी ऑफिसात बसून टू बीएचके विकणाऱ्याने २० तास शाळेत बसायचं. इथे उसाच्या बांधावर उभं राहून करोडाचा व्यवहार जुळवणाऱ्याने शून्य तास बसायचं. अमेरिकेत टेक्सासमध्ये लायसनसाठी आधी १८० तासांचे अभ्यासक्रम पुरे करावे लागतात, आणि तिथल्या दलालाला रान विकायचं असलं तरी लायसन चुकत नाही. आबांना हे सांगितलं तर म्हणाले, “मंग तिकडं जिमिनी इकत्यात कवा? शिकण्यातच जलम जायचा!”

आबांनी कायद्यातलं आणखी एक रत्न शोधलं. विकसित करायची जमीन ५०० चौरस मीटरपर्यंत असेल तर प्रकल्पाची नोंदणी नको. एक गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर आणि थोडं वर. पाच गुंठे होतात ५०५.८५. “सहा मीटर बांधात सोडायचं,” आबांनी तोडगा काढला. कायदा अख्ख्या ले-आउटचं क्षेत्र मोजतो, आबा एकेका प्लॉटचं. गणितात दोघेही बरोबर, फक्त निस्तरायची पाळी प्लॉट घेणाऱ्यावर.

रेराने सोडलं तरी तुकडेबंदी आडवी येते. कायदा १९४७ चा. २०२३ पासून प्रमाणभूत क्षेत्र बागायतीला १० गुंठे आणि जिरायतीला २० गुंठे. त्याखाली शेतीचा तुकडा विकता येत नाही. यावर आबांचा उपाय सामाजिक ऐक्याचा आहे. हडपसरचा एक, चिंचवडचा एक, बार्शीचा एक असे दहा अनोळखी लोक गोळा करायचे आणि अकरा गुंठे एकाच खरेदीखताने दहांच्या नावावर सामायिक करायचे. काल एकमेकांना न ओळखणारी माणसं आज एका सातबाऱ्यावर भावकी होतात, आणि उद्या भावकीसारखीच कोर्टात भेटतात. २०२५ मध्ये महसूलमंत्र्यांनी विधिमंडळात तुकडेबंदी शिथिल करण्याची घोषणा केली. ती नागरी आणि निवासी भागातल्या, आधीच झालेल्या तुकड्यांसाठी होती. आबांनी टपरीवर वाचून दाखवताना तेवढेच शब्द गाळले.

तेव्हा आमची सरकारला सूचना आहे की अभ्यासक्रम इथल्या मातीला धरून करावा. नमुना प्रश्नपत्रिका आम्ही फुकट देतो.

प्रश्न १ : डीपी शेजाऱ्याचा आहे, विहीर चुलत्याची आहे, रस्ता कुणाचाच नाही. जाहिरात लिहा.
अपेक्षित उत्तर : लाइट, पाणी, रस्ता यांनी परिपूर्ण.

प्रश्न २ : सातबाऱ्यावर सात नावं आहेत. दोन बहिणी हक्कसोडपत्रावर सही करायला तयार नाहीत, एक भाऊ दुबईला आहे. ‘टायटल क्लिअर आहे’ हे वाक्य न अडखळता म्हणून दाखवा. (तोंडी परीक्षा)

प्रश्न ३ : उजनीचं पाणी उतरलं की उघडी पडते आणि धरण भरलं की बुडते, अशा गाळपेराच्या सरकारी जमिनीचं वर्णन करा.
अपेक्षित उत्तर : बॅकवॉटर टच, फ्लेमिंगो व्ह्यू. (साइट व्हिजिट एप्रिल-मेमध्येच ठेवावी.)

प्रश्न ४ : खरेदीदार शेतकरी नाही. कूळकायद्याचं कलम ६३ त्याला शेतजमीन घेऊ देत नाही. अडचण कशी सोडवाल?
अपेक्षित उत्तर : “ते आमच्यावर सोडा साहेब.”

प्रश्न ५ : ‘एमआयडीसीची हद्द लवकरच वाढणार’ यातल्या ‘लवकरच’चा कालावधी सांगा.
अपेक्षित उत्तर : कमिशन मिळेपर्यंत.

कमिशनचा हिशेबही सोपा आहे. दोन टक्के घेणाऱ्याकडून, दोन टक्के देणाऱ्याकडून. शेतकऱ्याला एक भाव आणि पुणेकराला दुसरा सांगितल्यावर मधे उरतो तो फरक वेगळा. त्याला पावती नसते. कलम १० सांगतं की नोंदणीकृत एजंटाने हिशेबाच्या वह्या ठेवाव्यात. आबांची वही त्यांच्या डोक्यात असते आणि तिचं ऑडिट फक्त भांडणाच्या वेळी होतं.

यात फसतो तो एकटा पुणेकरच नव्हे. ज्याच्या लेकीचं लग्न तोंडावर आहे, सोसायटीचं कर्ज थकलंय आणि ऊसबिल अडकलंय, त्या म्हाताऱ्याकडून आबा पन्नास हजारांचा इसार देऊन साठेखत लिहून घेतात. पुढे दोन वर्षं ती जमीन त्याला धड विकताही येत नाही आणि पैसेही मिळत नाहीत. त्याच्यासाठी महारेराचं दार नाही. त्याला दिवाणी कोर्टाच्या पायऱ्या आहेत.

सरकारला मागणी एवढीच : जमिनीच्या सौद्यात पैसे घेणाऱ्या प्रत्येकाला नोंदणी लावा, मग तो फ्लॅट विको की खडक. आणि त्या २० तासांतले निदान दोन तास बांधावर घ्या.

वाचकहो, सरकार हे करेपर्यंत आपलं आपण पाहा. प्रकल्पातला प्लॉट असेल तर एजंटाचा महारेरा क्रमांक मागा.  संकेतस्थळावर तो स्वतः तपासा. शेतजमीन असेल तर सातबारा आणि जुने फेरफार वकिलाला दाखवा, सरकारी मोजणी करून घ्या, चतुःसीमा पायाने चालून पाहा, बहिणींच्या सह्या झाल्यात का ते विचारा आणि इसार चेकनेच द्या. आबा म्हणतील, “पाव्हणं, आपल्यावर इस्वास न्हाय व्हय?” खुशाल ‘नाही’ म्हणा. आबांना राग येत नाही. तोवर त्यांनी पुढच्या गाडीचा नंबर वाचलेला असतो.